पाणीबाबाची विहीर आणि आमचा कोबी

रविवारी सकाळी खालच्या रस्त्यानं जायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि तरीही गेले. गाडी अडकलीच. पुढे ट्रॅक्टर, त्याच्या पुढे टेम्पो, त्याच्या पुढे सायकली, आणि सगळ्यांवर रिकामे कॅन बांधलेले. रस्त्याच्या कडेनं माणसांची रांग थेट विहिरीपर्यंत गेली होती. रांगेत बँकेतला कॅशिअर होता, शाळेतल्या शिक्षिका होत्या, आणि जिला मी अख्खा हंगाम वाफ्यात उभं राहून खत कमी घाल म्हणून समजावलं होतं ती गाजरवाली आजी तर घरून स्टूल आणून बसली होती. मला बघून तिनं हात हलवला. मीही हलवला, काय करणार.

विहिरीच्या कठड्यावर पाणीबाबा उभा होता. पांढरेशुभ्र कपडे, पायांत रबरी बूट, हातात लांब बांबू. तो बांबूनं पाणी ढवळायचा, थांबायचा, कान लावून ऐकायचा आणि मान डोलवायचा, जणू विहीर त्याला घरच्या तक्रारी सांगत होती. मग गर्दीकडे वळून म्हणायचा, "खत म्हणजे मातीला लावलेलं व्यसन. तिला शुद्धीवर आणा. फक्त हे पाणी द्या. माझ्या पाण्याला मातीची भाषा येते."

आणि पाठीमागे त्याचा कोबी. तो मात्र खोटा नव्हता. गच्च भरलेले गड्डे, गर्द हिरवी पानं, कुठे फिकेपणा नाही. त्या शेतात खताचा दाणा पडलेला नाही याची मी स्वतः हंगामभर पाळत ठेवून खात्री केली होती. त्याचं पाणी पाइपानं घेणाऱ्या शेजारच्या शेतांतही तोच प्रकार होता. लोक वाकून पान चिमटीत धरत आणि एकमेकांकडे बघत. माझी गाडी तिथं अर्धा तास उभी होती आणि त्या अर्ध्या तासात माझा पारा कुठे गेला असेल ते तुम्हीच समजून घ्या.

कारण माझा धंदाच मुळी हा आहे. मी भाजीपाला संशोधन केंद्रात काम करते. भाजीला खत नेमकं किती लागतं ते शोधायचं, आणि जास्तीचं कुठे जातं ते बघायचं. कोबीच्या एका वाफ्याला नेहमीइतकं खत, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला काहीच नाही. मग गड्डे तोलायचे, माती तपासायची, मुळांच्या खाली झिरपलेलं पाणी नळीनं ओढून तेही तपासायचं. निकाल दर हंगामाला तोच येतो. आमच्याकडच्या शेतांत निम्म्या खतात तेवढाच कोबी होतो, आणि उरलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून जातं. हे मी सभा घेऊन सांगितलं, बांधावर बसून सांगितलं, चित्रं काढून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "बाई, कमी घातलं आणि पीक गेलं तर तुम्ही भरून देणार का?" एवढं विचारून लोक चहा प्यायला जात.

सगळ्यात अडेल माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं शेत बाबाच्या विहिरीला लागूनच. लहानपणापासून माझं एक वाक्य ऐकेल तर शपथ. कोबीचं पान जरा फिकं दिसलं की ह्याची झोप उडायची, आणि सकाळी आणखी एक पोतं शेतात पालथं व्हायचं. मी भांडले की म्हणायचा, "ताई, तुझा कोबी सरकारी आहे. त्याचे लाड वेगळे."

आणि मग पाणीबाबा आला. बाबा होण्याआधी तो खताच्या दुकानात विक्रेता होता, आणि भावाला पोत्यामागून पोतं खपवण्यात त्याचाच हात होता. दुकान बंद पडलं, गावची शेतं ज्या उतारावर आहेत त्याच्या अगदी तळाशी त्यानं घर बांधलं, विहीर खणली, आणि वर्ष सरलं नाही तोच त्याला मातीची भाषा यायला लागली. त्यानं कठड्यावरून एकदाच सांगितलं, खत बंद करा. सगळ्या उतारानं बंद केलं. जे मी घसा कोरडा करून निम्मंही करवू शकले नाही, ते त्या बांबूनं एका रविवारात साफ बंद केलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब शांत माणूस. इतके शांत की कधी कधी त्यांना हलवून बघावंसं वाटतं. मी म्हटलं, मातीत वर्षानुवर्षांचं खत शिल्लक आहे, पीक ते खातंय, एक-दोन हंगामांत सगळं पिवळं पडेल आणि लोक बुडतील. काहीतरी करायला हवं. साहेबांनी चष्मा पुसला. "खत कमी झालं ना? मग आपलं काम झालं. कोणामुळे झालं याला काय महत्त्व? उलट त्या बाबांना आपल्या कार्यशाळेला बोलवा." मी दार जरा जोरात लावलं, पण त्यांना ते वाऱ्यानं लागल्यासारखं वाटलं.

तरी एक गोष्ट मला खुपत होती. उताराच्या वरच्या अंगाची शेतं पिवळी पडायला लागली होती. त्यांनीही खत बंद केलं होतं, त्यांनीही बाबाचं पाणी कॅननं नेऊन कोबीवर शिंपडलं होतं. खाली मात्र रान हिरवंगार. बाबाकडे उत्तर तयार होतं. वरच्यांची श्रद्धा कमी पडली. बिचारे वरचे लोक आणखी कॅन घेऊन रांगेत उभे राहिले. मी पाण्याचा नमुना मागितला तर बाबा गर्दीसमोर हसला. म्हणाला, पाण्याची परीक्षा घेतली की पाणी रुसतं. लोकही हसले. मीही नाद सोडला, कारण माझं सगळं लक्ष मातीत होतं.

पाण्याकडे लक्ष गेलं ते फार वाईट तऱ्हेनं गेलं.

एके दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला. आवाज इतका हळू होता की मला आधी कळेचना. "वन्सं, छकुलीचे ओठ निळे पडलेत." छकुली म्हणजे माझी भाची, अजून बसतासुद्धा न येणारी. भावजयीला दूध पुरत नव्हतं म्हणून तिला पावडरचं दूध चालू होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाळ राखाडी दिसत होतं, रडतही नव्हतं. बाळांच्या डॉक्टरबाईंनी तिचं रक्त काढलं आणि ती नळी उजेडात धरली. रक्त लाल नव्हतं, तपकिरी होतं.

डॉक्टरबाई भराभर काम करत होत्या आणि त्याच दमात विचारत होत्या. छातीत काही नाही, हृदय ठीक आहे, मग दूध कशात कालवता? भावजय म्हणाली, उकळलेल्या पाण्यात. चांगलं खळखळून उकळते, अर्धं आटेपर्यंत. बाटलीसुद्धा उकळते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं?"

"बाबांच्या विहिरीचं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच क्षणी स्वतःचा भयंकर राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी धावत गाडीकडे गेले. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या माझ्या गाडीत कायम असतात. भावजयीच्या थर्मासमधलं पाणी झाकणात घेतलं, पट्टी बुडवली. थोडं नायट्रेट असलं तर ती पट्टी हळूहळू गुलाबी होते. ही बघता बघता गडद जांभळी झाली.

नायट्रेट म्हणजे खताचंच एक रूप, पाण्यात विरघळलेलं. पिकाला ते हवं असतं. मोठ्या माणसानं प्यायलं तर सहसा लगेच काही दिसत नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं असं काही होतं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि बाळ निळं पडतं. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते वाढतं. माझ्या भावजयीनं बाळाच्या काळजीपोटी विष घट्ट केलं होतं. हे तिला मलाच सांगावं लागलं.

औषधानं छकुली सावरली. संध्याकाळी तिच्या गालावर रंग आला, ती भोकाड पसरून रडली आणि वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, चला, बाळ वाचलं आणि भावाचे डोळेही उघडले. कसचं काय. भाऊ बाहेरून आला तो चेहरा उजळूनच. पाणीबाबा स्वतः दवाखान्याच्या फाटकाशी येऊन गेला होता. त्यानं सांगितलं होतं की आईनं जन्मभर खताची भाजी खाल्ली, ते विष बाळात उतरलं होतं, त्याच्या पाण्यानं ते बाहेर काढलं. निळं पडलं ते विष निघताना. रविवारी बाळाला विहिरीवर आणा, सगळ्यांसमोर चमचाभर पाजतो, म्हणजे पुन्हा त्रास नाही.

मी वॉर्डाच्या पॅसेजमध्ये भावाशी भांडले. पट्टी दाखवली. तो म्हणाला, रंग आला म्हणजे पाण्यात काहीतरी आहे हे तूच सिद्ध केलंस. डॉक्टरबाईंनी त्याला खुर्चीत बसवून समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या शिकलेल्या आहेत, तूही शिकलेली आहेस. तुम्हा दोघींना बाबांचं चांगलं बघवत नाही." हात टेकले म्हणायचं ते इथं. भावजय बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिला म्हटलं, तू तरी त्याला अडव. ती म्हणाली, मी अडवीन हो, पण ते काय ऐकणार आहेत? आणि खरं सांगू का वन्सं, मलाही आता कोणाचं खरं ते कळत नाही.

रविवारी मी गेले ते तयारीनं. केंद्रातल्या नळाच्या पाण्याची बादली, पट्ट्यांचा डबा, आणि भावाच्याच शेडमधल्या जुन्या पोत्यातलं मूठभर पांढरं नायट्रेटचं खत. छकुलीच्या बातमीनं गर्दी दुप्पट झाली होती. मी सरळ कठड्यापाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं की हे पाणी बाळांना देऊ नका, यात धोका आहे.

बाबानं ग्लास भरला आणि गटागटा पिऊन टाकला. दुसराही प्याला. ओठ पुसून त्यानं हात पसरले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, मोठ्या माणसाला होत नाही, बाळाला होतं. मागून कोणीतरी म्हणालं, वा, सोयीचं विष आहे.

मी विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवली आणि वर धरली. गडद जांभळी. गर्दीत "शक्ती, शक्ती" अशी कुजबुज झाली. मग बादलीतल्या पाण्यात दुसरी पट्टी. पांढरीच राहिली. बघा, लोक म्हणाले, नळाचं पाणी मेलेलं आहे. मी दात आवळले, मुठीतलं खत त्या बादलीत टाकलं, काठीनं ढवळलं आणि तिसरी पट्टी बुडवली. ती पहिलीसारखीच जांभळी झाली. तेव्हा कुठे पुढच्या रांगांतले लोक वाकून बादलीत बघायला लागले.

गाजरवाली आजी स्टुलावरून उठली, दोन्ही जांभळ्या पट्ट्या हातात घेऊन तिनं डोळ्यांजवळ नेल्या. "म्हणजे हे आमचंच खत?"

मी म्हटलं, तुमचंच. उतारावर आपण सगळ्यांनी जे जास्तीचं ओतलं ते पिकानं घेतलं नाही. पाण्याबरोबर झिरपत झिरपत ते तळाला आलं आणि इथं साठलं. खालची शेतं याच पाण्यावर भिजतात, म्हणून त्यांना रोज खत मिळतंय. वरची शेतं हे पाणी कॅननं शिंपडतात, तेवढ्यानं काय होतं, म्हणून ती पिवळी. श्रद्धेचा काही संबंध नाही. तुमचं खत विहिरीतून उपसून हा तुम्हालाच देतोय आणि वर त्याच खताला शिव्या घालतोय.

वाटलं, जिंकले. पण बाबाचं तोंड दुकानात तयार झालेलं होतं. तो जराही चिडला नाही. मायेनं म्हणाला, "बाईंच्या बादलीतलं मेलेलं रसायन आहे. माझ्या विहिरीत तेच जिवंत होऊन येतं. रंग तोच, पण प्रेत आणि माणूस दिसायला सारखेच असतात ना?" आणि लोकांनी पुन्हा माना डोलवल्या. आजीनंसुद्धा. सगळं डोळ्यांसमोर दाखवूनही एका वाक्यात पुसलं जातं, याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं भावाला बोलावलं. भाऊ छकुलीला घेऊन पुढे गेला. बाबानं चमचा बुडवला.

भावजय तोवर मागेच उभी होती. बाबाच्या घराच्या ओट्यावर त्याची सून आपल्या तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. भावजय तिच्यापाशी गेली आणि एका आईनं दुसरीला विचारावं तसं साधेपणानं विचारलं, "तुम्ही ह्याचं दूध कुठल्या पाण्यात कालवता?"

"सीलबंद कॅनच्या," सून म्हणाली. "विहिरीचं तान्ह्याला द्यायचंच नाही, सासऱ्यांनी बजावून ठेवलंय. वरच्या शेतांतलं खत उतरतं ना त्यात, दुकानात होते तेव्हापासून माहीत आहे त्यांना."

तिला वाटलं ती बाळाच्या काळजीचं बोलतेय. ओट्याशी उभ्या असलेल्यांनी ते ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि शब्द रांगेतून मागे मागे जाताना ऐकू येत राहिला. बाबा सुनेवर ओरडला, आत जा म्हणाला. त्याचा तो दुकानातला आवाज पहिल्यांदाच कठड्यावर ऐकू आला. भावाच्या हातात छकुली होती आणि चमचा तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता. भावजयीनं चमच्यावर हात मारला, बाळाला भावाच्या हातातून काढून घेतलं आणि रांगेच्या उलट दिशेनं घरी चालत गेली. भाऊ तिथंच उभा राहिला. त्याच्या शर्टावर पाणी सांडलं होतं आणि ते तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

बाबाचं दुकान त्या रविवारी उठलं. इथं गोष्ट संपली असती तर मीही गोड मानून घेतलं असतं. पण आठवड्यानं खालच्या रस्त्यावर पुन्हा ट्रॅक्टरांची रांग लागली. या खेपेला त्यांत कॅन नव्हते, खताची पोती होती. बाबा खोटा निघाला, म्हणजे खत खरं. पूर्वी घालायचो त्याहून जास्त घालू, मधल्या उपासाची भरपाई. मी कपाळाला हात लावला. ह्या लोकांना एक देव काढून घेतला की लगेच दुसरा लागतो, मग तो बांबू धरलेला असो नाहीतर पोत्यात भरलेला.

भावाच्या शेडपाशी मी गाडी थांबवली. तो पोती उतरवत होता. विहिरीवरच्या त्या रविवारपासून तो माझ्याशी नीट बोलला नव्हता. मी म्हटलं, "तुझी मुलगी ह्याच खतानं निळी पडली होती. बाबानं फक्त चमचा धरला होता. ओतलं ते आपण."

तो पोत्यावर बसला. मग वैतागून, जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "मग घालू तरी किती, ताई?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. घालू का, नको का, चालेल का, कोण म्हणतं, एवढंच विचारत. किती, असं कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी दुसऱ्या पोत्यावर बसले आणि म्हटलं, मला आता माहीत नाही. आधी तुझी माती तपासू, मग तू शेताला देतोस ते पाणी. त्यात आहे तेवढं वजा करू आणि उरेल तेवढंच घालू, तेही पिकाला भूक लागेल तेव्हा थोडं थोडं. शेताच्या एका पट्ट्यात काहीच घालायचं नाही, म्हणजे आपलं चुकलं तर कळेल. तो म्हणाला, आणि चुकलं तर? मी म्हटलं, तर पुढच्या हंगामाला दुरुस्त करू. बाबाला चुकायची सोय नसते, आपल्याला असते.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे विहीर नसेल, कोबीही नसेल. पण कोणीतरी कठड्यावर उभा राहून यातच सगळं आहे म्हणणारा असेलच. त्याच्या चमत्काराला हसू नका आणि हातही जोडू नका. आत काय आहे, किती आहे, कुठून आलं आणि कुठे जाणार, ते विचारा. आणि तो स्वतःच्या नातवाला काय पाजतो, तेही एकदा त्याच्या सुनेला विचारा.

भाऊ उठला, शेडमधून फावडं घेऊन आला आणि म्हणाला, माती कुठून काढायची ते दाखव.